हलग्यांच्या पोरीची चौकशी

बोरी, ता. जिंतूर
८ जुलै २०२४

आदरणीय डॉ. राजेश्री झरीकर मॅडम,
सादर प्रणाम.

मी कु. ऋतुजा विरेश हलगे, एम. ए. समाजशास्त्र, प्रथम श्रेणी. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाले आहे आणि आता मार्गदर्शकाच्या शोधात आहे. आपल्या दारावरची सूचना वाचली : 'इच्छुकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र टपालाने पाठवावे. ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप किंवा ओळखीचा माणूस पाठवू नये.' त्याप्रमाणे लिहीत आहे. परीक्षा सोडली तर इतकं सलग हाताने कधी लिहिलेलं नाही, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

आपल्याकडे एकच जागा उरली आहे आणि निवृत्ती जवळ आल्यामुळे तिच्यानंतर आपण कुणालाच घेणार नाही, असं कळलं. ती जागा मला मिळावी, ही नम्र विनंती.

माझा नियोजित विषय : 'चारठाणा येथील प्राचीन मंदिरे आणि ग्रामीण समाजमन : एक बहुआयामी चिकित्सक अभ्यास'. या मंदिरांशी माझं बालपणापासून आत्मिक नातं आहे. दर महिन्याला मी तिथे जाते, तासन्‌तास बसते. तिथले खांब माझ्याशी बोलतात. आपल्या मार्गदर्शनाखाली त्यांचं मौन शब्दबद्ध करण्याची संधी मिळावी.

आपली नम्र,
ऋतुजा हलगे


परभणी
१६ जुलै २०२४

कु. ऋतुजा हलगे यांस,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. खांब तुमच्याशी बोलतात आणि तरी त्यांचं मौन शब्दबद्ध करायचं राहिलंय, हे वाचून जरा गोंधळले, पण ते असू द्या. माझ्याशी इतक्या वर्षांत आमच्या इमारतीतला एकही खांब बोललेला नाही. बोलतात ती माणसंच, आणि तीसुद्धा रजेच्या अर्जापुरती.

जागा एकच आहे हे खरं. मागणारे बरेच आहेत आणि सगळ्यांचेच अभ्यास बहुआयामी आहेत. म्हणून प्रत्येकाला एक सोपा प्रश्न विचारते. तुम्हाला हा : दुपारी दोनच्या सुमाराला चारठाण्याच्या मंदिराच्या आवारात कोण बसलेलं असतं आणि काय करत असतं? पानभर लिहा. 'समाजमन' हा शब्द वापरायचा नाही.

राजेश्री झरीकर


बोरी
२३ जुलै २०२४

आदरणीय मॅडम,

आपल्या उत्तराने कृतार्थ झाले. दुपारी दोन वाजता आवारात नीरव शांतता असते. वृद्ध मंडळी ध्यानस्थ बसलेली असतात. स्त्रिया सावलीत बसून ओव्या गातात. शेजारच्या माळावर एक मेंढपाळ आजोबा बासरी वाजवत असतात आणि त्यांच्या शेळ्या जणू त्या सुरांनी मंत्रमुग्ध होऊन चरायचं विसरतात. मागच्याच महिन्यात मी हे दृश्य डोळे भरून पाहिलं.

बाकी सर्व आपल्या हाती.

आपली,
ऋतुजा


॥ ॐ नमः शिवाय ॥
बोरी, ता. २९ जुलै २०२४

राजेश्रीबाई झरीकर यांना सिद्रामप्पा हलगे, किराणा दुकानदार, यांचा शरणु शरणार्थ.

पत्रास कारण की, आमची नात ऋतुजा हिने तुमच्याकडे पीएच.डी.ची दरखास्त दिली आहे. मी हे पत्र लिहितो ते तिला मालूम नाही आणि तुम्ही होऊ देऊ नये.

पाच-सहा वर्षं पोरगी एका माणसाच्या हाताखाली द्यायची म्हणजे लग्नापेक्षा जोखीम. लग्नात निदान सासू, सासरा, नणंदा, जावा असतात. एकीशी नाही जमलं तर दुसरीशी जमतं. इथं तुम्ही एकट्याच. म्हणून रिवाजाप्रमाणे मी परभणीला येऊन तुमची चौकशी केली. लपवून ठेवत नाही.

तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे बसलो. तो म्हणाला, "बाई कडक हाय, पन सरळ हाय. शेंगदाण्यात एक दाना खवट निघाला तर पुडी माघारी आणून देती." दाणे माघारी देणारी बाई प्रबंधही माघारी देणार, हे माझ्या ध्यानात आलं. दूधवाला म्हणाला, "पानी घातलेलं वळखती, पन चारचौघांत बोलत न्हाई. बाजूला घेऊन बोलती." ही गोष्ट मला फार पसंत पडली.

तुम्हाला मात्र बघितलं नाही. तुम्ही घरातून निघालात तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो. आमची रीतच आहे, ज्याची चौकशी त्याचं तोंड आधी बघायचं नाही. तोंड बघितलं की माणूस ऐकायचं सोडतो.

आता तुमच्याकडूनच काही कळावं. तुमच्या हाताखालून किती पोरी निघाल्या, त्यातल्या किती पदवी घेऊन आणि किती रडून? पोरींना घरची कामं सांगता का? श्रावणी सोमवारी सुट्टी देता का? आणि तुमचा स्वभाव रागीट असला तर तो राग किती वेळ टिकतो?

आपला,
सिद्रामप्पा


परभणी
५ ऑगस्ट २०२४

आप्पांना नमस्कार.

माझ्या नोकरीत तीनदा चौकशी झाली, पण इतकी रीतसर एकदाही नाही. मी घरातून निघताना एक फेटेवाले गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे होते खरे. मला वाटलं ते वेगळ्याच कामाला उभे आहेत, म्हणून मीही तोंड फिरवलं. तेव्हा रीत दोन्हीकडून पाळली गेली.

उत्तरं अशी. सातजणी निघाल्या, सहा पदवी घेऊन आणि एक रडून. रडून गेलेली आता मोठी अधिकारी आहे आणि दर दिवाळीला फोन करून मलाच रडवते. घरची कामं सांगत नाही, कारण कुणी केलेली मला पटत नाहीत. श्रावणी सोमवारी सुट्टी नाही, पण साबुदाण्याची खिचडी मिळते. राग दुसरा चहा येईपर्यंत टिकतो.

आता माझी पाळी. मुलगी तुमच्याच घरची आहे, तरी तुम्ही चौकशीवाले आहात म्हणून विचारते. ऋतुजा कशी आहे? आणि ती चारठाण्याला किती वेळा जाते? तुमचं पत्र तिच्या कानावर जाणार नाही.

राजेश्री झरीकर


॥ ॐ नमः शिवाय ॥
बोरी, ता. १२ ऑगस्ट २०२४

राजेश्रीबाईंना शरणु शरणार्थ.

उत्तर वाचून समाधान झालं. भिंतीकडे तोंड करून मीच होतो. दुसरं काम नव्हतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमचं दुकान स्टँडजवळ. सोयरीक करायला आलेला माणूस आधी दुकानात येतो, सुपारी घेतो आणि हळूच विचारतो की अमक्याचं घर कसं आहे. त्याला खोटं सांगायचं नाही, हे मी पन्नास वर्षं पाळलं. कुणाच्या तरी लेकीचा जन्म त्या एका शब्दावर उभा असतो. सख्ख्या भाच्याची सोयरीक माझ्या खऱ्या बोलण्यामुळे मोडली आणि बहीण दोन वर्षं माझ्या दारात आली नाही. तरी शब्द फिरवला नाही.

तर ऋतुजा : कामाला वाघ, भाकरी पातळ करते, पहाटे उठून वाचते, घरात कुणाला उलट शब्द नाही. एक खोड आहे, मोठ्या माणसासमोर बोलताना पदरचं घालून बोलते.

चारठाण्याला ती एकदाच गेली, सातवीच्या सहलीला. वाटेत केळी फार खाल्ली, तिथे पोचल्यावर उलटी झाली आणि मग खांबाला टेकून झोपली ती गाडी निघेपर्यंत. गुरुजींनी उचलून आणली. त्यानंतर चारठाण्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते. हे तुम्ही कशाला विचारलं ते कळलं नाही.

आपला,
सिद्रामप्पा


परभणी
२१ ऑगस्ट २०२४

ऋतुजा,

खांबांशी तुझं नातं झोपेचं आहे आणि त्याच्या मुळाशी केळी आहेत, असं विश्वसनीय सूत्रांकडून समजलं.

मी परवा दुपारी दोन वाजता चारठाण्याला जाऊन आले. आवारात चार जण पत्ते खेळत होते. कासाबाई नावाची बाई शेळ्या घेऊन बसली होती. तिला बासरीचं विचारलं तर म्हणाली, "बासरी? आमच्यात कुनी फुकत न्हाई बाई. मोबाईल लावतेत अन् निजतेत." शेळ्या भान ठेवून चरत होत्या.

खोटं लिहिलंस त्यापेक्षा वाईट लिहिलंस, याचा मला जास्त राग आला. जागा अजून दिलेली नाही. काही सांगायचं असेल तर लिही, नसेल तर तुला शुभेच्छा.

राजेश्री झरीकर


बोरी
२८ ऑगस्ट २०२४

मॅडम,

माफ करा. दोनच शब्द आहेत पण ते लिहायला तीन कागद फाडले.

मी एकदाच गेले होते. केळी खाल्ली होती. मंदिराचा विषय घेतला कारण तो भारदस्त वाटला. सगळ्यांचे विषय भारदस्त असतात, मग माझाच कसा साधा ठेवायचा? मी बी.ए.ला असताना तुम्ही आमच्या कॉलेजात आला होतात. तेव्हा म्हणाला होतात की लोक दुपारचे कुठे बसतात ते बघा, समाजशास्त्र तिथून सुरू होतं. मी त्याच दिवशी ठरवलं की शिकेन तर या बाईंकडे. आणि नेमका तोच प्रश्न तुम्ही विचारलात तेव्हा मी बासरी वाजवली. माझी मलाच लाज वाटते.

दुसरीकडे जागा आहे, नाही असं नाही. पण त्या सरांकडे पहिलं वर्ष त्यांच्या नातवाला शाळेत सोडण्यात जातं म्हणे. मला तुमच्याकडेच शिकायचं आहे. नाही म्हणालात तर रडेन, पण पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन असंही नाही, कारण पुढच्या वर्षी तुम्ही घेणारच नाही.

केळ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं ते मला कळलं. आप्पा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "चौकशी केली. मंग? पोरगी काय वाऱ्यावर सोडायची?" मॅडम, त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते. चौकशी हा त्यांचा धंदाच आहे म्हणा. किराणा त्याच्या जोडीला चालतो.

मी लहान असताना ते मला सोबत न्यायचे. एक गोळी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "त्या घरात जा, तहान लागली म्हन." मी जायची. बाहेर आले की विचारायचे, पाणी द्यायला कोण उठलं, सासू की सून? दोघीही बसून होत्या आणि पोराने दिलं, असं असलं तर आप्पा खूश. पाणी मागितल्यावर आधी कुणाची लेक म्हणून विचारलं की त्या घरावर काट. मग आम्ही चांगुणाबाई कासारणीकडे जायचो. सणासुदीला तर सगळीच घरं बांगड्या भरतात, पण मधल्याच दिवसांत बांगड्या फुटल्या म्हणून कोणत्या घरातून बोलावणं येतं, ते आप्पा तिला विचारायचे. ती बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मला तेव्हा वाटायचं तिला मी आवडते. मोठी झाल्यावर कळलं की लेकरासमोर सांगण्यासारखं ते नव्हतं.

आप्पा म्हणतात, 'चांगलं घर आहे' हे सगळेच म्हणतात. म्हणायच्या आधी माणूस किती थांबला ते बघायचं.

हे सगळं लिहायचं कारण, तुमचा अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. पण मला भीती वेगळीच आहे. जिंतूरहून माझं एक स्थळ आलं आहे. चांगली माणसं आहेत, घाई करायलेत. तुमच्याकडून नकार यावा आणि मी गुमान लग्नाला उभं राहावं, म्हणून तर आप्पांनी केळ्यांचं सांगितलं नसेल? आई म्हणते तसं नाही. पण आप्पांच्या मनातलं कुणाला कळतं? ते दुसऱ्यांच्या घरातलं सगळं काढतात, स्वतःचं काही सांगत नाहीत.

ऋतुजा


परभणी
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय ऋतुजा,

उशीर झाला, पण मी रिकामी बसले नव्हते. तुझी चौकशी करत होते.

बाजाराच्या दिवशी मी बोरीला आले. साधं लुगडं नेसले, डोक्यावरून पदर घेतला, हातात पिशवी. स्टँडजवळचं किराणा दुकान शोधायला त्रास पडला नाही. तुझे आप्पा गादीवर बसले होते. त्यांनी माझं तोंड कधी बघितलेलं नाही, हे मला त्यांच्याच पत्रातून ठाऊक होतं. अर्धा किलो शेंगदाणे मागितले आणि आमच्या झरी गावच्या बोलीत हळूच विचारलं, "आप्पा, हितं हलग्यांची पोरगी हाय म्हणे, ऋतुजा. कशी हाय हो? जरा चौकशी करायलेय."

बाजारात पिशवी घेतलेली बाई असं विचारते त्याचा तुमच्याकडे एकच अर्थ होतो, हे मी जाणून होते. खोटं मात्र एक अक्षर बोलले नाही.

त्यांचा हात तराजूवर थांबला. "कुठून आलाव?" म्हणाले. मी म्हणाले, परभणीहून. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ही परकी बाई, हिला काय माहीत दुकान कुणाचं आहे, असा हिशेब चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग पुढे वाकून म्हणाले, "बाई, तुमी लेकीसारख्या, म्हणून सांगायलोय. त्या घरात पडू नका. पोरगी लय तोंडाळ हाय. आठ वाजल्याबिगर उठत न्हाई. भाकर थापली तर तव्यालाच लाज वाटंल. अन् पुस्तकाचं येड लागलंय, नांदायची न्हाई."

मी विचारलं, "घरची मान्सं?"

"बाकी बरी हायेत. आजा तेवढा लय बेरकी हाय. त्याच्या तर नादीच लागू नका."

मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मी घाबरले. मग मी विचारलं, "हे इमानानं सांगायलाव ना?" त्यावर ते गप्प झाले. बराच वेळ. पुडी बांधली, वरून मूठभर दाणे घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाने चांगले हायेत, खाऊन बगा."

ऋतुजा, हा माणूस पन्नास वर्षं त्या गादीवरून कुणाला खोटं बोलला नाही. बहिणीशी वैर आलं तरी बोलला नाही. मला पत्रात लिहिलं होतं की तुझी भाकरी पातळ होते आणि तू पहाटे उठून वाचतेस. तोच माणूस मला मुलाकडची समजून तुझ्या नावाला काळं फासत होता. तुला शिकता यावं म्हणून. सोबत स्वतःच्या नावालाही फासलं, म्हणजे शंका राहायला नको. जिंतूरवाले अजून घाई करतात का ते घरी विचारून बघ. मला वाटतं, तेही एकदा शेंगदाणे घेऊन गेले असतील.

मला बसमध्ये हसताना रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, कुणी गेलं का?

आता कामाचं. तुझं २८ ऑगस्टचं पत्र मी चार वेळा वाचलं. माफीचा भाग सोडून दे, तो सगळ्यांना येतो. पण पाणी द्यायला कोण उठलं आणि कासारीण का बोलली नाही, हे मला तीस वर्षांत कुणी लिहून दिलेलं नाही. तुझा विषय तो आहे : सोयरीक जुळवताना गावातली माणसं एकमेकांची चौकशी कशी करतात, कोण सांगतं, कोण सांगत नाही, आणि कोण का खोटं बोलतं. चारठाण्याच्या खांबांना झोपू दे.

जागा तुझी. सोमवारी अकराला ये. हे पत्र आप्पांना मोठ्याने वाचून दाखव, ही पहिली मुलाखत समज. दाणे खाल्ले. एक खवट निघाला. पुडी माघारी द्यायला मी स्वतः येणार आहे.

तुझी,
राजेश्री झरीकर


॥ ॐ नमः शिवाय ॥
बोरी, ता. २५ सप्टेंबर २०२४

राजेश्रीबाईंना शरणु शरणार्थ.

पोरीने तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिच्या आईसमोर, विरेशसमोर, सगळ्यांसमोर. निम्म्यात तिला पुढे वाचवेना, मग तिच्या आईने वाचलं. मी उठून दुकानात गेलो आणि गिऱ्हाईक नसताना तराजू पुसत बसलो. ऋतुजा मागून आली. तागडीचं दुसरं पारडं तिने पुसलं.

जिंतूरवाले येऊन गेले होते. तुमचा अंदाज बरोबर आहे. त्यांनी मात्र सुपारी घेतली होती.

मी खोटं बोललो हे कबूल. त्या रात्री जेवण गेलं नाही. तुम्हाला आधीच बघितलं असतं तर ओळखलं असतं आणि खरं सांगितलं असतं. मी म्हणालो असतो, पोरगी लाखात एक आहे. तुम्ही म्हणाला असता, आजा आहे, म्हणणारच. मग चौकशीचा उपयोग काय झाला असता? तेव्हा झालं ते रीतीनेच झालं.

आता पोरगी वही घेऊन मलाच प्रश्न विचारायला बसते. एक सांगा, चौकशीत खोटं बोललेल्या माणसाची साक्ष तुमच्या शास्त्रात चालते का? चालत असेल तर माझं नाव बदलून लिहायला सांगा. गावाचंही बदला, नाहीतर इथं सुपारी घ्यायला कुणी येणार नाही. दुकान किराणाचं नको, कापडाचं लिहा. भाकरीचं आणि आठ वाजता उठायचं तर काढूनच टाका, ते लबाडीचं होतं. तोंडाळपणाचा अनुभव तुम्हाला येईलच.

आजा बेरकी आहे, तेवढं मी खरं सांगितलं होतं. ते राहू द्या.

आपला,
सिद्रामप्पा